मार्टिन रुआनची लेक

आबाजी, म्हणजे माझ्या बाबांचे वडील, आमच्या कासलबारच्या घरी राहायला आले तेव्हा त्यांच्या एका बॅगेत कपडे होते आणि दुसरीत नुसतं ज्वारीचं पीठ. आयर्लंडमध्ये लोक बटाट्यावर जगतात असं त्यांना गावात कुणीतरी सांगितलं होतं आणि बटाटा त्यांना वातूळ पडायचा. आजी गेल्यावर ते दर्यापूरजवळच्या त्या घरात एकटे राहत होते. बाबांनी फार आग्रह केला म्हणून आले, पण येतानाच सांगून आले की दिवाळी झाली की मी परत. आईनं ते पीठ स्वयंपाकघरातल्या वरच्या प्रेसमध्ये ठेवलं. तिकडे कपाटाला सगळे प्रेसच म्हणतात आणि आम्हीही तसंच म्हणायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरात भाकरी थापण्याचा आवाज झाला. तो आवाज मला नवा होता. मी जिन्यात उभी राहून नुसती ऐकत राहिले.

घर साधंच होतं, एका भिंतीनं शेजारच्या घराला चिकटलेलं. पश्चिमेचा वारा सुटला की दारातल्या पोस्टाच्या फटीचं झाकण दिवसभर टकटक करायचं, आणि कुणी आलं असेल म्हणून आबाजी दर वेळी उठून दार उघडायचे. बॉयलर सुरू झाला की भिंतीतून घरघर यायची. सकाळी भिंतीपलीकडून नोरीनचा रेडिओ ऐकू यायचा, आणि त्यावर बातम्यांनंतर कोण वारलं, कुठल्या चर्चमध्ये किती वाजता नेणार, हे एका गंभीर आवाजात वाचून दाखवत. सगळ्या मेयो परगण्यात लोक हातातलं काम थांबवून ते ऐकतात. आबाजींना यातलं काही कळत नसे, पण मी अर्थ सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली. "हे चांगलं काम हाये," ते म्हणाले. "मानसाचं नाव एक वेळ तं मोठ्यानं घेतलं पाह्यजे." तेव्हापासून तेही रेडिओच्या वेळी चहाचा कप खाली ठेवायला लागले.

बाबा तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते आणि घरी कमी, वॉर्डात जास्त असायचे. आई पुण्याची. ती गावातल्या लायब्ररीत अर्धवेळ काम करायची. मी त्या वर्षी शाळेत ट्रान्झिशन इयरला होते, म्हणजे दोन मोठ्या परीक्षांच्या मधलं मोकळं वर्ष, ज्यात मुलांनी नाटकं करावीत, दुकानात उमेदवारी करावी, एखादा प्रकल्प करावा. आबाजींच्या दृष्टीनं हा सगळाच पोरखेळ होता. "परीक्षा नाही, मार्क नाही, मंग शायेत जाते कायले?" ते विचारायचे, आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे, ते आई त्यांना मराठीत सांगायची. मराठी मला सगळं कळत होतं, आबाजींची वऱ्हाडीसुद्धा, पण जिभेवर यायचं ते मेयोचं इंग्रजी; दुसऱ्याचं बोलणं आबाजींना मोडक्या मराठीत पोचवायचे, स्वतःचं मात्र इंग्रजीतच. आई मराठीत रागवायची आणि मी इंग्रजीत तोंड वर करून बोलायचे. वर्षानुवर्षं आमचं भांडण असं दोन भाषांत चाललं आणि कुणाचं काही अडलं नाही. आज मी हे मराठीत लिहिते आहे, ते त्याच वर्षामुळे.

नोरीन रुआन आमची शेजारीण. ऐंशीच्या घरातली, लग्न न केलेली, सगळं आयुष्य गावातल्या कापडाच्या दुकानात काढलेली. तिचा भाऊ आम्ही तिथे राहत असतानाच वारला आणि त्यानंतर त्या घराण्यात ती एकटीच उरली. आबाजी आल्याचं कळल्यावर ती रुबार्बचे लालबुंद देठ कागदात गुंडाळून घेऊन आली. रुबार्ब आंबट असतं. तिकडे त्याचा जॅम करतात, पण आईनं फार पूर्वीच त्याचा मेथांबा करायला सुरुवात केली होती, आणि नोरीन तो ब्राऊन ब्रेडला लावून खायची. त्या दिवशी टेबलाशी बसून तिनं आबाजींची चौकशी केली: प्रवास कसा झाला, थंडी सोसते का, घरी कोण कोण. मी मधे बसून इकडचं तिकडे करत होते. घरी कोण याचं उत्तर देताना आबाजी म्हणाले, "एक पोरगा हाये. अन् त्याले एकच पोरगी," आणि त्यांनी एक लांब सुस्कारा टाकला. मी नोरीनला सांगितलं, त्यांना एक मुलगा आहे आणि एक नात आहे. सुस्कारा मी भाषांतरातून गाळला. पण तो मला लागला होता. माझ्या आईबाबांना मी एकटी, बाबाही एकुलते एक, आणि हा सुस्कारा मी लहानपणापासून फोनवरही ऐकत आले होते.

प्रकल्पासाठी मला गावचा काहीतरी इतिहास हवा होता. नोरीन म्हणाली, मग आमचा मार्टिन शोध. ती मला तिच्या स्वयंपाकघरात घेऊन गेली, ब्रेड कापला, लोणी लावलं आणि सांगायला बसली. तिकडे नोव्हेंबर हा मेलेल्यांचा महिना. प्रत्येक घरचे लोक आपल्या गेलेल्या माणसांची नावं कागदावर लिहून पाकिटात घालतात आणि ते पाकीट महिनाभर चर्चच्या वेदीवर असतं. रुआन घराण्याच्या यादीत सगळ्यात शेवटी एक नाव असायचं, मार्टिन, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. १७९८ साली आयरिश बंडखोरांच्या मदतीला फ्रेंचांचं सैन्य मेयोत उतरलं, त्याच्याही आधीची गोष्ट. मार्टिन विणकर होता. विणलेलं कापड विकायला तो बंदरावर गेला आणि परत आला नाही. पुढे कुणी तरी सांगत आलं की त्यानं बोटीच्या भाड्याच्या बदल्यात काही वर्षांची चाकरी लिहून दिली आणि तो अमेरिकेला गेला. बस, एवढंच.

"युअर मॅन आता मेला असणार, हे मलाही कळतं गं," नोरीन म्हणाली. तिकडे कुणाही पुरुषाला युअर मॅन म्हणतात, मग तो शेजारचा असो की अडीचशे वर्षांपूर्वीचा. "पण त्याचं पुढे कुणी होतं की तो एकटाच मेला, हे आम्हाला कधी कळलं नाही. माझी आई म्हणायची, ते कळेपर्यंत प्रश्नचिन्ह काढायचं नाही. तिच्या सासूनं तिला तसं सांगितलं होतं. आता माझ्यानंतर ही यादी लिहिणार कोण? मला जायच्या आधी ते कळायला हवंय." मग ती हसली आणि म्हणाली, नाही कळलं तरी ग्रँड, म्हणजे चालेल. पण तिला ते तसं ग्रँड वाटत नव्हतं, हे माझ्यासारख्या पोरीलाही दिसत होतं. तिनं मला जॅमची बरणी पुढे सरकवली तेव्हा तिची करंगळी नेहमीसारखी आत वळलेली होती. दोन्ही हातांच्या करंगळ्या तिच्या जन्मापासून तशाच होत्या, सरळ व्हायच्या नाहीत. दुकानात हातमोजे विकायची, पण स्वतःला कधी नीट बसले नाहीत, असं ती सांगायची.

हे सगळं मी घरी येऊन आईला सांगत होते. आबाजी खिडकीशी बसले होते. आईनं त्यांना थोडक्यात सांगितलं आणि म्हातारबुवा खुर्चीत ताठ झाले. आबाजी निवृत्त तलाठी. शेतमालक मेला की त्याच्या मागे वारस कोण, त्यातला कोण हयात, कोण परागंदा, हे शोधून नोंद घालण्यात त्यांचा जन्म गेलेला. "हे तं वारस-नोंदीचं काम हाये," ते म्हणाले. "असा मानूस गुम होत नाही. सरकार त्याले कुठी ना कुठी लिहूनच ठेवते." त्या दिवसापासून आमच्या घरातलं वारंच फिरलं. बाबांनी शेडमधून उरलेल्या वॉलपेपरचा गुंडाळा आणून दिला. त्याच्या पाठीवर आबाजींनी वंशावळ काढायला घेतली, आणि सगळ्यात वर मार्टिनचं नाव मराठीत लिहिलं. शाळेतून आले की मी आणि आबाजी लायब्ररीत जायचो. तिथल्या कॉम्प्युटरवर अमेरिकेतल्या जुन्या कागदांची छायाचित्रं बघायला मिळायची. आई काउंटरवरून आमच्याकडे लक्ष ठेवून असायची, आणि आबाजींचा आवाज चढला की फक्त भुवई उचलायची.

मी वाचायचं आणि आबाजींनी ऐकायचं, अशी वाटणी होती. अक्षर असं की कोंबडीचे पाय बरे. सुरुवातीला मला एकेक ओळ लावायला अर्धा तास लागे. पेनसिल्व्हेनियातल्या एका बंदरावर उतरलेल्या चाकरांच्या नोंदी, कुणाला कुणी किती वर्षांसाठी ठेवलं याचे करार, गावोगावच्या कराच्या याद्या. आणि मार्टिन नावाचे आयरिश तर पैशाला पासरी. आबाजी एकेकाला तपासून बाजूला काढत. हा लोहार, आपला नाही. हा वयानं लहान, आपला नाही. त्यांचा हुरूप बघून मला आश्चर्य वाटे. वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतांचे वारस लावणारा माणूस आता पेनसिल्व्हेनियाच्या जंगलातले वारस लावत होता आणि दोन्हींत त्याला काही फार फरक वाटत नव्हता.

तो सापडला तो जुन्या वर्तमानपत्रात. त्या काळी चाकर पळाला की मालक जाहिरात द्यायचा, हरवलेल्या बैलाची देतात तशी. त्यात पळालेल्या माणसाचं वर्णन असायचं: अंगावर कोणता कोट, केस कसे, बोलण्यात कोणता हेल. मी एक जाहिरात वाचत होते आणि वाचता वाचता थांबले. मार्टिन रुआन नावाचा आयरिश विणकर पळाला होता, आणि त्याच्या दोन्ही करंगळ्या आत वळलेल्या असून सरळ होत नाहीत, असं मालकानं लिहिलं होतं. मी आबाजींना नुसती माझी करंगळी वळवून दाखवली. ते उठले, काउंटरपाशी गेले आणि आईला मोठ्यानं म्हणाले, "सूनबाई, सापडला." सगळ्या लायब्ररीनं मान वर केली. त्या संध्याकाळी नोरीननं ती प्रिंट हातात घेतली आणि आपली करंगळी त्या ओळीवर ठेवली. मग म्हणाली, "पळाला म्हणजे बरंच झालं. आमच्यात कुणी फार ऐकून घेणारं नव्हतंच."

पळाला तो सुटला. काही वर्षांनी तो आत डोंगराकडच्या एका वस्तीत कराच्या यादीत दिसला, एक गाय आणि एक माग असलेला स्वतंत्र माणूस म्हणून. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर पहिली जनगणना झाली, तीतही तो होता. त्या जनगणनेत फक्त घरच्या कर्त्याचं नाव. बाकीच्यांचे नुसते आकडे: पुरुष इतके, मुलगे इतके, बायका इतक्या. शेवटी एक रकाना गुलामांचा, तोही आकड्याचाच. मार्टिनच्या घरात गुलाम नव्हता. मुलगा नव्हता. बायकांच्या रकान्यात दोन होत्या. आबाजींनी चष्मा काढून पुसला. "बायाईचे नावंच नाही लिहिले?" ते म्हणाले, आणि आपली वंशावळ पुढे लिहायला लागले. तिच्यातही बायकांची नावं नव्हती, पण हे तेव्हा ना त्यांच्या लक्षात आलं ना माझ्या.

मग मार्टिनचं मृत्युपत्र मिळालं. आपला माग आणि एक गाय त्यानं ब्रिजेट नावाच्या मुलीला दिली होती. ती लग्न झालेली होती, नवरा थॉमस पाईक. दुसरं अपत्य नाही. आबाजींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मुलगा नाही, याची खात्री केली. मग मार्टिनच्या नावाखाली एक आडवी रेघ ओढली आणि रेघेखाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, निर्वंश. काम संपल्यासारखं त्यांनी पेनाला टोपण लावलं. "झालं," ते म्हणाले. "सांग त्या बाईले." मी जाऊन नोरीनला सांगितलं की मार्टिनचा वंश त्याच्याबरोबरच संपला. ती म्हणाली, "असो. देव त्याला शांती देवो. निदान आता कळलं." तिनं केटल चालू केली आणि आमच्यासाठी चहा केला, आणि आबाजींना सांग मी त्यांची फार आभारी आहे, असं तिनं मला दारापर्यंत येऊन सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी तिचा रेडिओ लागला नाही.

आई त्या रविवारी मेथांबा करत होती. फोडणीत मेथी तडतडली होती, रुबार्ब गुळात शिजत होतं, आणि खिडकीच्या काचा वाफेनं पांढऱ्या झाल्या होत्या. टेबलावर वॉलपेपर उलगडलेला होता, कारण आबाजींना आता प्रकल्पासाठी त्याची स्वच्छ प्रत करायची होती. आई डाव हातात घेऊन सहज वाकली आणि वाचायला लागली. "आबाजी, हे निर्वंश काय लिहिलंय?"

"वंश नाही चालला त्याचा."

"अहो, मुलगी होती ना त्याला?" आईनं माझ्याकडे बोट केलं. "शाल्मलीनंच सांगितलं मला. ब्रिजेट."

"होती. पन ते पाईकाच्या घरी गेली. मंग त्याईच्या वंशावळीत जाईन ना ते."

"त्यांच्यात तरी नाव लिहितात का तिचं?" आईनं गॅस बारीक केला. "तुम्ही लिहिता? तुमच्या घरच्या वंशावळीत माझं नाव आहे?"

आबाजी म्हणाले की वंशावळीत लेकीसुनांची नावं लिहायची पद्धतच नाही. कुणाचा अपमान करायचा म्हणून नव्हे; त्यांच्या बापानं तशी लिहिली, आज्यानं तशी लिहिली. आई ऐकून घेत होती. माझी आई चढ्या आवाजात कधी बोलायची नाही, पण तिचा आवाज सपाट झाला की बाबा चपला घालून बाहेर जायचे. त्या दिवशी बाबा घरी होते आणि त्यांनी चपला घातल्या नाहीत.

"माझे वडील गेले तेव्हा मी इथे होते," आई म्हणाली. "मी त्यांची एकुलती एक. त्यांच्या नावाखाली कुणी असंच रेघ ओढून निर्वंश लिहिलं असेल. मला सांगा, पितृपक्षात तुम्ही तर्पण करता तेव्हा आईच्या वडिलांना पाणी देता ना? मातामह म्हणून? त्यांच्या वडिलांना, आजोबांना?"

"देतो. तीन पिढ्या."

"मग पाणी द्यायच्या वेळेला लेकीकडून वंश चालतो, आणि कागदावर लिहायच्या वेळेला खुंटतो, हे कसं?"

बाबांनी तेवढ्यात आपलं डॉक्टरी घोडं दामटलं, की ती करंगळी आईकडून येते तशीच बापाकडून येते, करंगळीला मुलगा-मुलगी कळत नाही. कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मी तो वॉलपेपर बघत होते. निर्वंश हा शब्द मी सकाळपासून कितीतरी वेळा वाचला होता, पण आता तो मला वेगळाच दिसायला लागला. आणि मी विचारलं, इंग्रजीत नाही, मराठीत विचारलं, मधे कुणी भाषांतर करायला लागू नये म्हणून. "आबाजी, आपल्या वंशावळीत बाबांच्या नावाखाली काय लिहिणार?"

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. ते उठून मागच्या दारानं बाहेर गेले. बाहेर पाऊस येईल असं वाटत होतं. ते दोरीवरचे कपडे काढायला लागले, एकेक चिमटा काढून खिशात ठेवत. आईला वाटलं आपण जास्त बोललो, पण बाबा म्हणाले, असू दे. कपड्यांचा ढीग छातीशी धरून आबाजी आत आले, ढीग खुर्चीवर ठेवला आणि आईला म्हणाले, "तुह्या वडिलाचं नाव, त्याईच्या वडिलाचं अन् आजाचं, एका कागदावर लिहून ठेवजो. पितृपक्षात लागन." आईनं तोंड फिरवलं आणि कढईकडे बघत उभी राहिली. मी तिला रडताना फार वेळा पाहिलं नाही, तेव्हा पाहिलं. मग आबाजींनी पेन घेतलं, तो शब्द खोडला, आणि मला विचारलं, "काय नाव म्हनलं त्या पोरीचं?"

ब्रिजेटला शोधणं सोपं गेलं नाही. बायका कागदांत अशा नाहीशा होतात की पाण्यात मीठ विरघळावं. पण आता आईही आमच्यात होती, आणि लायब्ररीतली माणसं काय करू शकतात हे मला तेव्हा कळलं. तिनं चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींतून एक मुलगा काढला. मी नाव वाचलं, मार्टिन रुआन पाईक. आबाजींनी लगेच मान हलवली. "हा आपला नाही. याचा बाप रुआन नावाचा दिसते. आपल्या पोरीचा नवरा तं थॉमस होता." आपल्याकडे मधलं नाव म्हणजे बाप, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती, आणि जन्मभर सात-बारे वाचलेल्या माणसाला ती येणार तरी कशी? आई हसायला लागली. ती इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं. "आबाजी, ते बापाचं नाव नाही. आईचं माहेर आहे ते. पोरीनं आपलं माहेर मुलाच्या नावात मधे ठेवलंय."

आबाजींनी ते नाव पुन्हा वाचून घेतलं. "माहेर मधात ठेवते?" ते म्हणाले. "हे बरं हाये." आणि मग आम्हाला वाट सापडली, कारण त्या घराण्यात रुआन पुढे सरकतच राहिला. आडनावं बदलत गेली, मुली दुसऱ्या घरी गेल्या, गावं मागे पडली, पण दर पिढीत कुणाच्या तरी नावाच्या मधोमध रुआन बसलेला असायचा. आबाजींचा वॉलपेपर टेबलावरून खाली लोंबायला लागला. आता त्यात लेकींची नावं होती, सुनांची होती, त्यांची माहेरं होती. शेवटचं नाव ओहायोमधल्या एका निवृत्त शिक्षिकेचं होतं, एलन रुआन हार्पर. आईनं तिला ईमेल केला. उत्तर आलं त्यात तिनं लिहिलं होतं की रुआन हे कुठल्या तरी गावाचं नाव असावं असं त्यांच्या घरी सगळे समजत होते, आणि हो, करंगळ्या तिच्याही तशाच आहेत.

मी हे नोरीनला सांगायला गेले तेव्हा आबाजीही आले, आणि सगळा वॉलपेपर गुंडाळून काखेत घेऊन आले. तिच्या पॅसेजमध्ये तो उलगडावा लागला, कारण खोलीत मावेना. नोरीन भिंतीला धरून धरून त्याच्या कडेनं चालत गेली. तिला देवनागरी वाचता येत नव्हतं, म्हणून मी एकेका नावावर बोट ठेवून सांगत गेले. शेवटापर्यंत गेल्यावर तिनं विचारलं, "आणि ही जिवंत आहे?" मी हो म्हटलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली. "ओ, थँक गॉड," असं ती हळूच म्हणाली, आणि मग आबाजींचा हात धरून तिनं तो बराच वेळ सोडला नाही. आबाजी अवघडले होते, पण त्यांनीही काढून घेतला नाही.

तिकडे उन्हाळ्यात एका रविवारी गावचे सगळे लोक कबरस्तानात जमतात. आधीचा आठवडाभर कबरी घासून पुसून, फुलं लावून ठेवतात, आणि त्या दिवशी प्रत्येक कुटुंब आपापल्या कबरीपाशी उभं राहतं. पाद्री मंत्र म्हणत, पाणी शिंपडत फिरतो. नोरीन गेली काही वर्षं रुआनांच्या कबरीपाशी एकटीच उभी राहायची. त्या वर्षी आम्ही सगळे होतो. आईनं निळी पैठणी नेसली होती आणि वर रेनकोट घातला होता. एलन आदल्या दिवशीच विमानानं आली होती. उंच, पांढऱ्या केसांची बाई, डोळ्यांत पाणी येईल की काय या भीतीनं सारखी हसत होती. दोघी समोरासमोर आल्या. एलननं हात पुढे केला आणि नोरीननं तो उलटा करून करंगळी पाहिली. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"यायला उशीरच केलास," नोरीन म्हणाली.

मग दोघी हसल्या, आणि रडल्याही, आणि शेजारच्या कबरीवरचे लोक अदबीनं दुसरीकडे बघायला लागले. आबाजींनी पाणी शिंपडताना पाद्रीकडे बारकाईनं पाहिलं आणि मला हळूच सांगितलं की तीळ नसले तरी चालते, भाव सारखाच हाये. त्या वर्षी नोव्हेंबरात नोरीननं यादी लिहिली तेव्हा मार्टिनपुढचं प्रश्नचिन्ह गेलं, आणि त्याच्या खाली ब्रिजेटचं नाव आलं. त्याआधी पितृपक्षात आमच्या मागच्या अंगणात आबाजींनी तर्पण केलं, त्यात आईच्या वडिलांना, त्यांच्या वडिलांना आणि आजोबांना पाणी मिळालं. आई दारात पदर घेऊन उभी होती. आता मीही दरवर्षी तर्पण करते. मुलीनं करावं का, हे कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. रुबार्बचा मेथांबाही करते, तो मात्र आईसारखा होत नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या कबरस्तानातलंच. सगळं आटोपल्यावर लोक थर्मासातला चहा ओतत होते, सँडविच वाटत होते. नोरीननं एलनचा हात काखेत घट्ट धरला होता. आपल्याला मिळालं ते दुसऱ्यालाही मिळावं असं वाटणारी ती बाई, आबाजींकडे वळली आणि म्हणाली, "माझ्यानंतर कोण ते मला कळलं बाई. आणि तुमच्या घराण्यात, तुमच्यानंतर कोण?" मी नेहमीप्रमाणे मधे उभी होते. मी तो प्रश्न मराठीत सांगितला, आणि सांगताना माझी नजर खाली गेली. मला सुस्काऱ्याची सवय होती.

आबाजींनी कप गवतावर ठेवला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला जरा पुढे केलं, नवी नोंद साहेबापुढे ठेवावी तसं.

"हे काय," ते म्हणाले. "हे उभी हाये."

ते वाक्य नोरीनला मी भाषांतर करून सांगितलं नाही. तिनं मान डोलावली होती.